डासामागे एक आणा



मुरुडसारख्या गावी इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाला फळ्यावर फारशी चित्रे काढावी लागत नाहीत. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पद्मदुर्ग दिसतो, राजपुरीला गेले की जंजिऱ्याचा तट. तोफा, वेढे, तह आणि सनावळ्या आमच्या मुलांना लवकर पाठ होतात. परंतु या अंकाच्या निमित्ताने मी आपल्याला जो इतिहास सांगणार आहे त्यात राजा नाही आणि किल्लाही नाही. त्यात काही आजारी माणसे आहेत, काही डॉक्टर आहेत आणि पुष्कळ डास आहेत.

हा विषय सुचण्याचे कारण माझ्या वर्गातलेच आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस माझा एक विद्यार्थी मुंबईला आपल्या चाचांकडे पंधरा दिवस राहून आला. परतल्यावर तो एक दिवस शाळेत येई, दुसऱ्या दिवशी नसे. तिसऱ्या दिवशी हजर, चौथ्या दिवशी पुन्हा गैरहजर. मी हजेरीपटावर खुणा करीत गेलो. मुलगा चुकार झाला असे समजून त्याला वर्गासमोर दोन शब्द बोललोही. पुढे त्याचे रक्त तपासले तेव्हा हिवताप निघाला. अल्लाहच्या कृपेने मुलगा बरा झाला. परंतु एके संध्याकाळी हजेरीपट चाळताना माझ्या ध्यानात आले की, एक दिवसाआड येणाऱ्या तापाचा आलेख मी स्वतःच्याच हाताने काढीत होतो आणि मला तो वाचता आला नव्हता. तेव्हापासून, हा आजार माणसाने मोजायला कसा शिकला, याचा शोध घेण्याचा मला नाद लागला. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

पाणी लागले

आपल्या कोकणात जुनी माणसे म्हणत, "अमक्याला त्या गावचे पाणी लागले." परगावी गेलेला धडधाकट माणूस हुडहुडी भरून तापाने पडला की दोष तिथल्या पाण्याला दिला जाई. युरोपातील लोक हवेला दोष देत. ‘मलेरिया’ हा शब्दच मुळी इटालियन भाषेत ‘वाईट हवा’ या अर्थाचा आहे. दोन्ही समजुती चुकीच्या होत्या. परंतु त्यांच्यामागील निरीक्षण खोटे नव्हते. साचलेले पाणी आणि ताप यांची सोबत लोकांनी शतकानुशतके पाहिली होती. संकट पाण्यातच वाढत होते, फक्त ते पिण्याच्या वाटेने माणसात शिरत नव्हते.

डास गुन्हेगार आहे हे कळण्याच्या पन्नास वर्षे आधी एका डॉक्टरने हा आजार मोजण्याची युक्ती काढली होती. हिवताप वारंवार आला की पोटात डाव्या बाजूस पांथरी वाढते आणि ती बोटांना लागते. इ. स. १८४५ ते १८४७ या काळात डॉ. डेम्पस्टर यांनी पश्चिम यमुना कालव्याच्या आसपासच्या गावांत माणसांची पोटे चाचपून पाहिली आणि शंभरात किती जणांची पांथरी वाढली आहे याची नोंद केली. ज्या गावी हा आकडा मोठा, त्या गावी तापाचा मुक्काम कायमचा. उपकरण नाही, औषध नाही, केवळ दोन बोटे आणि एक वही. ही पद्धत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ साऱ्या जगात वापरली गेली. तीत एकच उणीव होती. गावाला आजाराने किती ग्रासले आहे हे पांथरी सांगते. परंतु आजार येतो कोठून आणि किती वेळा येतो, हे ती सांगू शकत नाही.

हुसेन खान

१८८० साली अल्जीरियात लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टराने रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू पाहिला. तो जंतू एका माणसातून दुसऱ्या माणसात जातो कसा, हे कोडे मात्र शिल्लक होते. लंडनचे डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांचा संशय डासावर होता. त्यांनी १८९४ साली तो रोनाल्ड रॉस यांना बोलून दाखविला. रॉस हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी. जन्म १८५७ सालचा, अल्मोड्याचा. १८९५ साली ते हिंदुस्थानात परत आले आणि सिकंदराबादेत डासांच्या मागे लागले.

दोन वर्षे त्यांच्या हाती काहीच आले नाही. ते तपासत होते ते करडे व पट्टेरी डास, आणि त्या जातींच्या अंगात माणसाच्या हिवतापाचा जंतू वाढतच नाही. अखेरीस १८९७ च्या ऑगस्टमध्ये पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास त्यांना मिळाले. आज आपण त्यांना अ‍ॅनॉफिलीस म्हणतो. अळ्यांपासून घरातच वाढविलेले असल्यामुळे या डासांनी पूर्वी कोणाचेही रक्त प्यायलेले नव्हते. आता एक असा रुग्ण हवा होता, की ज्याच्या रक्तात जंतू आहेत आणि जो आपण होऊन अंगावर डास बसू देईल.

तो रुग्ण म्हणजे हुसेन खान. १६ ऑगस्ट रोजी त्याने डासांना आपले रक्त पिऊ दिले. त्याला मोबदला ठरला होता, चावणाऱ्या डासामागे एक आणा. सोळा आण्यांचा रुपया होता त्या काळातील ही गोष्ट आहे. पुढील दिवसांत रॉस एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासत गेले. २० ऑगस्ट रोजी, म्हणजे चौथ्या दिवशी, एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना काही गोलाकार पेशी दिसल्या. त्या पेशींत काळे कण होते, अगदी हिवतापाच्या जंतूत दिसतात तसेच. जगभर २० ऑगस्ट हा ‘डास दिन’ म्हणून पाळला जातो तो यामुळे.

त्या दिवशीचे यश केवळ नजरेचे नव्हते. हा डास कोणत्या तारखेला कोणाचे रक्त प्याला आणि त्याला किती दिवस झाले, हे रॉस यांना नेमके ठाऊक होते. रानात पकडलेल्या हजारो डासांनी ते सांगितले नसते. हुसेन खानच्या अंगावरील डासांनी सांगितले, कारण ते मोजून बसविलेले होते.

पुढे रॉस यांची बदली झाली. १८९८ साली कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर काम केले. जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतो आणि चाव्यातून दुसऱ्या पक्ष्याच्या अंगात शिरतो, हे त्यांनी त्या वर्षीच्या जुलैत दाखवून दिले. तेथे त्यांच्या हाताखाली महंमद बक्ष नावाचा एक माणूस होता. डास गोळा करणे, त्यांना सांभाळणे, प्रयोगशाळेतील किचकट कामात हातभार लावणे, हे सारे तो करी. माणसाच्या बाबतीतील पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरा केला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९०० साली मॅन्सन यांनी दोन प्रयोग घडवून आणले. रोमजवळच्या तापाच्या प्रदेशात, ओस्तिया येथे, जाळ्या लावलेली एक लाकडी झोपडी उभारली. डॉ. सॅम्बन, डॉ. लो आणि त्यांचे सोबती हिवतापाच्या ऐन हंगामात तेथे राहिले. तेच पाणी, तीच हवा. मात्र सूर्यास्त ते सूर्योदय झोपडीबाहेर पाऊल टाकायचे नाही. कोणालाही ताप आला नाही. दुसरा प्रयोग याच्या उलट. रोममध्ये रुग्णाचे रक्त प्यायलेले डास लंडनला नेले आणि ते मॅन्सन यांच्या मुलाला चावविले. तो तापाच्या प्रदेशात राहत नव्हता, तरी त्याला हिवताप झाला. चावा नाही तेथे ताप नाही, आणि चावा आहे तेथे वाईट हवेची गरज नाही. वाद तेथे संपला.

चाव्यांचा हिशेब

वाद संपला आणि खरा प्रश्न सुरू झाला. डास तर सगळीकडे आहेत. मग एका गावी घरोघरी ताप आणि शेजारच्या गावी एकही रुग्ण नाही, असे का व्हावे? किती डास म्हणजे फार डास?

रॉस यांना गणिताची आवड होती. १९०८ साली त्यांनी मॉरिशस बेटावरील हिवतापाविषयी अहवाल लिहिला. आपले मराठी भाषक मजूरही पूर्वी या बेटावर गेलेले आहेत. त्यानंतर १९१० साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. या लेखनात त्यांनी मांडलेल्या हिशेबाच्या धर्तीवर एक साधे उदाहरण घेऊ. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

समजा, गावात एकच रुग्ण आहे. त्याच्या आसपासच्या डासांपैकी चारांत एकालाच त्याला चावण्याची संधी मिळते. चावलेल्या डासांपैकी तिनांत एकच, पोटातील जंतू पक्व होईपर्यंत जगतो. जगलेल्यांपैकी पुन्हा चारांत एकालाच दुसरा माणूस चावायला सापडतो. चार गुणिले तीन गुणिले चार म्हणजे ४८. अर्थात रुग्णाच्या वाट्यास ४८ डास असतील तेव्हा कोठे एक नवा रुग्ण तयार होईल. डास त्याहून पुष्कळ कमी असतील, तर दुसऱ्यास आजार देण्यापूर्वीच पहिला रुग्ण बरा होतो आणि साखळी तुटते. रॉस यांच्या एका गणितात ही मर्यादा दर माणशी सुमारे ४० डास अशी निघाली.

यातून निघालेला निष्कर्ष आजही महत्त्वाचा आहे. हिवताप घालविण्यासाठी जगातील प्रत्येक डास मारावा लागत नाही. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली तरी पुरते. मात्र मर्यादेखाली आणायचे तर आधी संख्या माहीत असली पाहिजे. म्हणून डास मोजण्याचे शास्त्र जन्मास आले.

एलिचपूर ते मुंबई

या शास्त्राचा एक मोठा अध्याय आपल्या महाराष्ट्रात लिहिला गेला आहे. वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे डॉ. ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरांनी वर्षभर अ‍ॅनॉफिलीस डासांच्या सवयींची टिपणे केली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत एका नव्या जातीचे वर्णन होते. तिला त्यांनी आपल्या व्यवसायबंधूचे नाव दिले, अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. पुढे हेच लिस्टन मुंबईत प्लेगच्या संशोधनासाठी नावारूपास आले.

एलिचपुरात ओळख पटलेला हाच डास मुंबईचा मुख्य गुन्हेगार निघाला. त्या काळी मुंबईत हिवतापाने थैमान घातले होते. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी तपास करून १९११ साली आपला अहवाल सादर केला. मुलांच्या पांथऱ्या तपासल्या गेल्या, पाण्याचा एकेक साठा धुंडाळला गेला. निष्कर्ष असा निघाला की, दलदल किंवा गटार ही स्टीफेन्सीची जागा नव्हे. तो स्वच्छ पाण्यात, घरोघरच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. ज्या विहिरीला लोक घराची शोभा मानीत, तीच घरातील मुलांना तापात लोटीत होती.

विहिरी बुजवा किंवा झाका, असा आदेश निघू लागला तेव्हा विरोध झाला. पारशी समाजाच्या दृष्टीने विहीर पवित्र. इतर समाजांतही पाण्याशी धर्माचरण जोडलेले आहेच. अखेरीस काही विहिरींवर झाकण घालून त्यात बारीक जाळीची उघडझाप करणारी झडप बसवावी, अशी तडजोड निघाली. श्रद्धाही राहिली आणि डासही अडला. पालकहो, धर्म आणि शास्त्र यांचे भांडण लावण्यात ज्यांना रस असतो त्यांनी ही झडप जरूर ध्यानात ठेवावी. १९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापाची पुन्हा पाहणी केली. टाक्या डासबंद ठेवण्याचा जो कडक नियम मुंबईत आहे, त्यामागे या साऱ्या पाहण्यांचा अनुभव आहे.

रात्रभराची बैठक

आता डास प्रत्यक्ष मोजतात कसे ते पाहू. पहाटे घराघरांत व गोठ्यांत जाऊन, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बसलेले डास काचेच्या नळीत ओढून घेणे, ही एक रीत. एका माणसाने एका तासात किती डास पकडले, त्यावरून दाटी ठरते. आरोग्य खात्यात हे काम करणाऱ्यास ‘कीटक समाहारक’ म्हणतात.

परंतु या रीतीने एक फसगत होते. गोठ्यात शंभर डास सापडले म्हणून माणसाला शंभर चावे बसले असे होत नाही. आपल्याकडील अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस या जातीला गुराढोरांचे रक्त अधिक आवडते. उलट डोंगराळ भागातील ओढ्यांत वाढणारा अ‍ॅनॉफिलीस फ्लुव्हिएटिलीस अनेक ठिकाणी संख्येने थोडा, पण माणसाचा भुकेला. तेव्हा गावात किती डास आहेत हा एक प्रश्न, आणि माणसाला किती चावतात हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर हवे असेल तर माणसालाच बसावे लागते.

तो बसतो असा. सायंकाळी अंधार पडू लागला की विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची, पाय उघडे टाकून घराच्या आत किंवा अंगणात स्वस्थ बसायचे. हातात बॅटरी आणि नळी. पायावर डास उतरला की तो चावण्याच्या आत पकडायचा आणि त्या तासाच्या डबीत टाकायचा. माणसे पाळीपाळीने बदलतात. काम पहाटेपर्यंत चालते. सकाळी प्रत्येक तासाचे डास वेगळे मोजतात. कोणती जात कोणत्या प्रहरी येते, घरात येते की अंगणात, हे त्यावरून कळते. मग डास चिरून लाळग्रंथीत जंतू आहेत का ते पाहतात.

हे दोन आकडे हाती आले की हिशेब सोपा आहे. समजा, एका माणसाच्या अंगावर रात्री २० डास उतरतात आणि १०० डासांपैकी एकाच्या लाळेत जंतू आहेत. म्हणजे दर पाच रात्रींनी एक बाधक चावा, वर्षाला ७३. आफ्रिकेतील काही गावांत हा आकडा वर्षाला कित्येक शेकडे असल्याचे आढळले आहे. ‘येथे डास फार आहेत’ हे वाक्य आणि ‘येथे माणसाला वर्षाला ७३ बाधक चावे बसतात’ हे वाक्य, या दोहोंतील अंतर म्हणजेच शास्त्र.

आपल्या जुन्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी फ्लुव्हिएटिलीसच्या सवयींचा, त्याच्या रात्रीच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई प्रांतात होता आणि तेथील जंगलपट्टी हिवतापाने पोखरलेली होती. डास माणसाचे रक्त पिऊन घरातच भिंतीवर विसावतो, ही त्याची सवय ध्यानात घेऊन १९४५-४६ साली उत्तर कानडा व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आली. नागरी वस्तीतील ही आपल्या देशातील आरंभीची मोठी मोहीम. तिचे फळ इतके चांगले आले की पुढे साऱ्या देशाने तोच मार्ग धरला.

भिंतीवरची फवारणी इतकी गुणकारी का ठरली, हेही गणितच सांगते. जंतू डासाच्या पोटात पक्व होण्यास साधारण दहा ते बारा दिवस लागतात. रोज शंभरातील ९० डास जगत असतील तर दहा दिवसांनी सुमारे ३५ उरतात. रोज ८० जगत असतील तर ११. आणि रोज निम्मेच जगत असतील तर हजारात एक. डासांची पैदास तीच राहिली तरी त्यांचे आयुष्य तोडले की म्हातारा, म्हणजे धोकादायक, डास उरतच नाही. जॉर्ज मॅक्डॉनल्ड या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या दशकात हा सिद्धांत गणिताने पक्का केला.

मोजणे सैल झाले तेव्हा

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५८ साली ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ हा शब्द आला. फवारणीवाले घरोघर येत व भिंतीवर तारीख लिहून जात. सुमारे दहा हजार वस्तीमागे एक कर्मचारी दर पंधरवड्यास घराच्या दारात उभा राही आणि विचारी, "घरात कोणाला ताप आहे का? पाहुणा कोणी आला आहे का?" ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई. १९६५ साली देशातील रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली आणि हिवतापाने मृत्यू झाल्याची नोंद उरली नाही.

आणि मग? १९७६ साली रुग्णसंख्या ६४ लाखांच्या वर गेली. कारणे अनेक होती. डास डीडीटीला दाद देईनासे झाले, कीटकनाशकांचा तुटवडा पडला, शहरांकडे पुरेसे लक्ष गेले नव्हते. परंतु एक कारण असेही होते की, आजार गेला अशा समजुतीने पाळत सैल झाली. दारात उभा राहून विचारणारा माणूस येईनासा झाला. काचेवरचे थेंब तपासावाचून पडून राहिले. डास कामावर होतेच. मोजणारे तेवढे रजेवर गेले. १९७७ साली कार्यक्रमाची फेरआखणी करावी लागली.

हाच धडा मुंबईने २०१० साली पुन्हा घेतला. त्या वर्षी शहरात पाऊण लाखाहून अधिक रुग्णांची नोंद झाली. बांधकामांवरील पाणी, उघड्या टाक्या आणि तोच जुना स्टीफेन्सी. एलिचपुरात नाव मिळालेला हा डास आता परदेशीही गेला आहे. २०१२ साली तो आफ्रिकेतील जिबूती येथे सापडला आणि त्यानंतर इतर देशांतही पसरला. आपल्या देशाने २०३० पर्यंत हिवताप नाहीसा करण्याचे ठरविले आहे. रुग्ण पूर्वीच्या मानाने फार थोडे उरले आहेत, आणि धोका नेमका येथेच आहे. आकडा लहान झाला की मोजण्याचा कंटाळा येतो.

हुसेन खानचे देणे

उघड्या पायांनी रात्रभर बसणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. हा मार्ग न्याय्य आहे का, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी स्वतःलाच विचारला आहे. आजचा दंडक असा की, बसणाऱ्याला धोका समजावून सांगावा, त्याची मनापासून संमती घ्यावी, प्रतिबंधक औषध द्यावे आणि तो आजारी पडल्यास त्याची काळजी वाहावी. शक्य तेथे माणसाऐवजी प्रकाशाचे सापळे व दुहेरी मच्छरदाण्या वापरतात. तरीही सापळ्याचा आकडा खरा की खोटा, हे पडताळण्यासाठी अनेकदा माणसाच्या पायाशीच त्याची तुलना करावी लागते.

१८९७ साली असा दंडक नव्हता. हुसेन खान गरीब असावा. नाहीतर आण्यासाठी कोण डास चावून घेईल? त्याला नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला नाही. त्याचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते रॉस यांनी ते लिहून ठेवले म्हणून. महंमद बक्षचेही तसेच. हे दोघे आपल्या समाजाचे म्हणून मी छाती पुढे काढण्यास सांगत नाही. डासाने कधी कोणाचा धर्म विचारलेला नाही आणि त्यांच्यासारखे हजारो बिननावाचे लोक सर्व समाजांत होऊन गेले. परंतु विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट मनाला लागून राहते. सूक्ष्मदर्शकाच्या या बाजूस आपला माणूस होता आणि त्या बाजूस बसण्याचे शिक्षण त्याच्याजवळ नव्हते. आपल्या शिक्षणसंस्थांचे वडीलधारे पैसा-पैसा जमवून वर्ग बांधतात ते कशासाठी, याचे उत्तर मला येथे सापडते. आज तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत रक्त तपासणारा होईल, कोणी कीटकशास्त्र शिकेल, एखादी मुलगी डॉक्टर होईल. तेव्हा नळीपुढे हात करणाऱ्या गरिबाचे नाव विचारा आणि ते नीट लिहून ठेवा.

आपल्या गावी

आता घरच्या गोष्टी. आपल्या नारळी-सुपारीच्या वाड्यांत विहिरी आहेत, दोणी आहेत. घरांवर टाक्या आहेत. पावसात करवंट्या भरतात, होड्यांत पाणी साचते. डासाचे अंडे ते उडणारा डास हा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांचा. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून सर्व भांडी उपडी करावीत, घासावीत. जी विहीर उपसता येत नाही तीत गप्पी मासे सोडावेत. टाकीचे झाकण घट्ट असावे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग मोठ्या माणसांच्या सोबतीने जरूर करावा. जुने ओगराळे घेऊन साठ्यातील पाणी दहा वेळा उचलावे आणि प्रत्येक वेळी अळ्या मोजून वहीत लिहाव्यात. अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी पडलेली दिसली तर ती अ‍ॅनॉफिलीसची समजावी. डोके खाली करून तिरकी लोंबकळत असेल तर ती दुसऱ्या जातीची. दर आठवड्यास तोच साठा, तेच ओगराळे. चार आठवड्यांत तुमच्या वहीत जे उतरेल, तो आपल्या गावचा खराखुरा इतिहास असेल.

पालकांना विनंती अशी की, मुंबईहून, बांधकामावरून किंवा परमुलखातून आलेल्या माणसास ताप आला तर अंगारे-धुपारे व उरलीसुरली गोळी यांवर दिवस काढू नयेत. त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी व औषध मोफत मिळते. एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापाचा जंतू यकृतात दडून राहतो. त्यासाठी डॉक्टर १४ दिवसांची गोळी देतात. ताप उतरला म्हणून ती मध्येच सोडू नये, नाहीतर काही महिन्यांनी तोच ताप पुन्हा दारात उभा राहतो आणि तोवर शेजाऱ्यांच्या डासांनाही जंतू मिळालेला असतो.

माझ्यापुरते मी एक ठरविले आहे. हजेरीपटावर सलग किंवा आलटून-पालटून गैरहजेरीच्या खुणा दिसल्या की मुलाला रागावण्याआधी मी त्याच्या घरी जातो आणि तोच जुना प्रश्न विचारतो, "घरात कोणाला ताप आहे का?" बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असे येते आणि चहा घेऊन मी परततो. गेल्या पावसाळ्यात एका घरी उत्तर ‘हो’ असे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीचे रक्त तपासून झाले होते.